दहाच्या स्नॅपशॉटमध्ये साडेअकराची पावती नसते

माण तालुक्यातल्या म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्याआधी तिच्या प्रवर्तक महिलांचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण त्यांच्यातल्या काही जणी सहीऐवजी अंगठा लावत होत्या. बँकेच्या संस्थापक चेतना गाला सिन्हा यांच्यासोबत या महिला लिहायला-वाचायला शिकून पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायला तयार झाल्या. हिशेब डोक्यात होता, मग तो रोजकीर्द-खतावणीत उतरला. आज माणदेशात किंवा पलीकडे आटपाडी-खानापूरकडे बघितलं, तर बऱ्याच पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने आणि दवाखान्यांचा हिशेब एका छोट्या थंड खोलीतल्या दोन-तीन सर्व्हरवर आणि त्यांना जोडलेल्या एका स्टोरेज बॉक्सवर चालतो. हा लेख त्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी आहे, आणि त्या खोलीच्या खर्चावर सही करणाऱ्या संचालकांसाठीही.

अशा खोलीत सहसा प्रत्येक कामाला वेगळं यंत्र नसतं. एका सर्व्हरच्या पोटात चार-सहा व्हर्च्युअल मशीन चालतात: एक डेटाबेसचं, एक बँकिंगच्या ॲप्लिकेशनचं, एक सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारं, एखादं एसएमएस पाठवणारं. या मशीनच्या डिस्क म्हणजे स्टोरेजवरच्या मोठमोठ्या फायली, आणि त्या बहुतेक वेळा एकाच लनमध्ये, म्हणजे स्टोरेजने सर्व्हरला एक डिस्क म्हणून दाखवलेल्या जागेत, शेजारी शेजारी पडलेल्या असतात. स्टोरेज विकणारा माणूस सांगतो, ‘साहेब, स्नॅपशॉट आहे, काळजी नको.’ स्नॅपशॉट खरोखर फार उपयोगाची सोय आहे. पण तो काय परत देतो आणि काय देत नाही, हे ठाऊक नसेल तर ऐन वेळी नुकसान होतं.

आत काय घडतं ते एका नोंदीवर पाहू. समजा, एका बचत खात्याची शिल्लक ज्या ब्लॉकमध्ये आहे तिथे सकाळी दहा वाजता ४,२०० रुपये लिहिलेले आहेत. दहाला स्नॅपशॉट घेतला. स्टोरेजने काहीच कॉपी केलं नाही. कुठला ब्लॉक कुठे आहे याचा नकाशा तेवढा गोठवला. म्हणून २ टीबीच्या लनचा स्नॅपशॉटही काही सेकंदांत होतो. साडेदहाला खातेदाराने १,५०० भरले. आजची बरीचशी स्टोरेज ५,७०० हा नवा आकडा दुसऱ्या रिकाम्या ब्लॉकमध्ये लिहितात, चालू नकाशा तिकडे वळवतात आणि ४,२०० चा ब्लॉक दहाच्या नकाशासाठी आहे तिथेच राहू देतात. नेटॲप या स्टोरेज कंपनीने ही रीत १९९० च्या दशकात रुळवली. झेडएफएस ही फाइल सिस्टिमही असंच करते. जुन्या धाटणीची स्टोरेज आधी ४,२०० चा ब्लॉक उचलून राखीव जागेत ठेवतात आणि मग मूळ जागी ५,७०० लिहितात. यात लिहिण्याचं काम वाढतं, आणि दर तासाला स्नॅपशॉट लावला की गर्दीच्या वेळी काउंटरवर ॲप्लिकेशन जड वाटू लागतं. आपलं स्टोरेज यातलं काय करतं, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्या.

यातून निघणारी मोठी गोष्ट अशी की जे ब्लॉक बदलले नाहीत ते चालू डेटा आणि स्नॅपशॉट दोघांत सामाईक आहेत. बॉक्स जळाला, कंट्रोलरने दगा दिला, पूलमधल्या, म्हणजे एकत्र बांधलेल्या डिस्कपैकी, सहन होण्यापलीकडे डिस्क गेल्या, तर दोन्ही एकदम जातात. चूक झाली, पॅच बिघडला, कुणी टेबल उडवलं, व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या, अशा वेळी झटकन मागे जाण्यासाठी स्नॅपशॉट आहे. यंत्रच गेलं तर तो कामाचा नाही. त्यासाठी दुसऱ्या यंत्रावर प्रत लागते. तिच्याकडे पुढे येतो.

इथे एक घोळ नेहमी होतो. व्हीएमवेअर किंवा हायपर-व्ही यांसारख्या हायपरव्हायझरमधूनही, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधूनही, मशीनचा ‘स्नॅपशॉट’ किंवा ‘चेकपॉइंट’ घेता येतो, आणि अनेक जण तो आणि स्टोरेजचा स्नॅपशॉट एकच समजतात. हायपरव्हायझरचा स्नॅपशॉट मूळ डिस्क फाइल थांबवून पुढचे बदल वेगळ्या फायलीत लिहायला लागतो. ती फाइल वाढत जाते, मशीन मंदावतं, आणि शेवटी दोन्ही एकत्र करताना तासन् तास जातात. व्हीएमवेअरचाच सल्ला आहे की असा स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. सहा महिन्यांपूर्वी ‘अपडेटच्या आधी’ म्हणून घेतलेला स्नॅपशॉट डेटाबेसच्या मशीनवर अजून लोंबकळत असेल, तर आजच बघा. नीट मांडणीत दोन्हींचं काम वाटलेलं असतं: हायपरव्हायझरने मशीनला क्षणभर थोपवायचं, तेवढ्यात स्टोरेजने स्नॅपशॉट घ्यायचा, आणि हायपरव्हायझरचा स्नॅपशॉट लगेच काढून टाकायचा. चांगली बॅकअप सॉफ्टवेअर हे आपणहून करतात.

थोपवायचं कशासाठी? चालू डेटाबेसच्या काही नोंदी मेमरीत असतात, डिस्कवर अजून उतरलेल्या नसतात. न थोपवता घेतलेला स्नॅपशॉट म्हणजे वीज अचानक गेल्यावर डिस्कवर जे उरेल ते. माण तालुक्यात वळवाच्या पावसात वीज कशी जाते हे सांगायला नको. बहुतेक डेटाबेस अशा स्थितीतून स्वतःच्या लॉगवरून सावरतात, पण ‘बहुतेक’ या शब्दावर ठेवीदारांचे पैसे ठेवता येत नाहीत. विंडोजमध्ये व्हीएसएस नावाची सेवा डेटाबेसला सांगते की हातातलं लिहून टाक आणि थांब. लिनक्सवर त्यासाठी आधी-नंतर चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट लावतात. डेटाबेसचा डेटा एका लनवर आणि लॉग दुसऱ्यावर असेल, तर दोन्ही लन एका कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये घालून एकाच क्षणी स्नॅपशॉट घ्यायला हवा. डेटा दहाचा आणि लॉग दहा वाजून चार सेकंदांचा असेल, तर डेटाबेस उघडेल याची खात्री देता येत नाही.

वेळापत्रक ठरवताना विक्रेत्याच्या नमुन्यापेक्षा आपल्या दिवसाकडे बघावं. काउंटर उघडल्यापासून बंद होईपर्यंत दर तासाला एक, तो दोन दिवस ठेवा. डे-एंड चालवण्याआधी एक, तो महिनाभर. व्याज आकारणी, लाभांश वाटप, ३१ मार्चची कामं आणि कुठलाही पॅच यांच्या आधी नाव देऊन वेगळा स्नॅपशॉट घ्या: तारीख, काम, घेणाऱ्याचं नाव. माझ्या मते पतसंस्थेसाठी सगळ्यात मोलाचा स्नॅपशॉट डे-एंडच्या आधीचा. व्याजाचा दर चुकीचा भरून हजारो खात्यांवर आकारणी झाली, तर ती उलट नोंदींनी निस्तरण्यापेक्षा काउंटर बंद असताना सरळ मागे जाऊन पुन्हा चालवणं किती तरी सोपं. त्या वेळी बाहेरचे व्यवहार चालू असतील तर मात्र पुढे सांगितलेली जुळवणी करावीच लागते.

जागेचा हिशेब कागदावर मांडा. मशीन मिळून २ टीबी आणि रोजचा बदल ३ टक्के धरला, तर दिवसाला साधारण ६० जीबी. महिनाभरासाठी फार तर १,८०० जीबी. हा ३ टक्क्यांचा आकडा उदाहरणापुरता आहे. आपला आकडा आठ-दहा दिवस स्टोरेजवर बघून काढा. डे-एंडच्या दिवशी आणि मशीनच्या आत विंडोज अपडेट चालताना तो उडी मारतो. मशीनमधल्या जुन्या फायली पुसल्या म्हणून पूलमध्ये जागा होत नाही, कारण ते ब्लॉक स्नॅपशॉटने धरून ठेवलेले असतात. थिन पूल, म्हणजे लागेल तशी जागा देणारा पूल, शंभर टक्के भरला तर अनेक बॉक्स लिहिणं थांबवतात आणि त्यावरची सगळी मशीन एकदम आडवी होतात. सत्तर टक्क्यांना पहिला एसएमएस आणि ऐंशीला दुसरा यावा, आणि तो आयटीवाल्यासोबत व्यवस्थापकाच्या फोनवरही जावा.

आता प्रत्यक्ष मागे जाण्याची वेळ. समजा, सोमवार आहे, अकरा चाळीसला कळलं की डेटाबेसमधलं एक टेबल बिघडलं आहे. दहाचा आणि अकराचा असे दोन स्नॅपशॉट हाताशी आहेत. स्टोरेजच्या पडद्यावर ‘रिव्हर्ट’ किंवा ‘रिस्टोअर’ असं बटण दिसतं. त्याला हात लावू नका. ते बटण अख्खा लन मागे नेतं. डेटाबेससोबत लॉगिनचं मशीन, एसएमएसचं मशीन, सगळी, आणि कित्येक स्टोरेजवर त्या वेळेनंतरचे स्नॅपशॉटही पुसले जातात. पहिलं काम, काउंटर थांबवून आहे त्या बिघडलेल्या अवस्थेचाच एक स्नॅपशॉट घ्या. त्यात अकरा ते अकरा चाळीसच्या नोंदी आहेत, त्या पुढे लागणार आहेत. मग अकराच्या स्नॅपशॉटचा क्लोन, म्हणजे लिहिता येईल अशी प्रत, काढा, तो नवा लन म्हणून सर्व्हरला दाखवा. व्हीएमवेअर विचारेल की ही ओळखीची सही असलेली डिस्क आहे, तशीच ठेवू की नवी सही देऊ. नवी सही द्या. त्यातलं डेटाबेसचं एकच मशीन वेगळ्या नावाने नोंदवा, त्याच्या नेटवर्क कार्डाची ‘कनेक्टेड’ ही खूण काढा आणि मगच चालू करा. खूण राहिली तर एकाच आयपीची दोन मशीन एकाच वेळी जागी होतील आणि काउंटरवरचे संगणक कुठे लिहितायत ते कुणालाच कळणार नाही. मशीन उठलं की डेटाबेसची तपासणी चालवा, पाच-दहा खाती उघडा, कालची तेरीज जुळते का बघा. बरोबर असेल तर जुनं मशीन बंद करून नवं नेटवर्कवर घ्या, आणि सवडीने त्याच्या फायली मूळ लनवर हलवा.

लॉगिन सांभाळणाऱ्या डोमेन कंट्रोलरबद्दल जास्त जपा. विंडोज सर्व्हर २०१२ पासून अशा मशीनला एक जनरेशन आयडी असतो. हायपरव्हायझरने मशीन मागे नेलं तर तो बदलतो आणि कंट्रोलर सावध होतो. स्टोरेजने लन परस्पर मागे नेला तर हायपरव्हायझरला पत्ताच लागत नाही, आयडी तोच राहतो, आणि दोन कंट्रोलरमधल्या नोंदी गुपचूप फाटत जातात. दुसरा कंट्रोलर शाबूत असेल तर बिघडलेला सोडून द्या आणि नवा उभा करा.

मशीन उठलं म्हणजे काम झालं असं समजून लोक टाळ्या वाजवतात. बँकेत तिथून खरं काम सुरू होतं. अकरा ते अकरा चाळीस या चाळीस मिनिटांत जग थांबलेलं नव्हतं. कॅशियरने रोख घेतली, पासबुकावर छापून दिलं. कुणी यूपीआयने पैसे पाठवले; तो व्यवहार यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयकडे पूर्ण झाला आहे, समोरच्याला पैसे पोचले आहेत, फक्त आपल्या डेटाबेसला त्याची आठवण नाही. पिग्मी एजंटने साडेअकराला बाजारपेठेतून मशीनवरची वसुली चढवली. त्याच्या मशीनमध्ये त्या पावत्यांवर ‘पाठवल्या’ अशी खूण आहे, त्यामुळे त्या आपणहून पुन्हा येणार नाहीत. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे पावती क्रमांकांची. अकराला शेवटची पावती ३,१२० होती आणि अकरा चाळीसपर्यंत ३,१७५ पर्यंत गेली होती, तर मागे गेलेला डेटाबेस पुढच्या खातेदाराला निमूट ३,१२१ देईल. त्या क्रमांकाची छापील पावती आधीच एका भाजीवालीच्या पिशवीत आहे.

म्हणून काउंटर पुन्हा उघडण्याआधी क्रमांकांची मालिका पुढे ढकला, ३,५०० पासून सुरू करा, आणि मधला तुटवडा का आहे ते रोजकीर्दीत लिहून शाखाधिकाऱ्याची सही घ्या. मग चाळीस मिनिटांची स्लिप, चलनं, व्हाउचर गोळा करा. पेमेंट स्विचकडून, म्हणजे आपले व्यवहार बाहेरच्या बँकांशी जोडणाऱ्या यंत्रणेकडून, त्या वेळेतल्या यूपीआय, आयएमपीएस आणि एटीएम व्यवहारांची फाइल मागवा. प्रत्येक एजंटला त्या वेळेतल्या पावत्या पुन्हा चढवायला सांगा. बिघडलेल्या अवस्थेचा जो स्नॅपशॉट आधी घेतला होता, त्याचा वेगळा क्लोन काढून न बिघडलेली टेबलं वाचता येतात का पाहा. बऱ्याच नोंदी तिथेच सापडतात. डेटाबेसचा जाणकार हाताशी असेल तर डेटाबेसचे ट्रान्झॅक्शन लॉग दर पंधरा मिनिटांनी दुसऱ्या यंत्रावर ठेवण्याची व्यवस्था आधीच करून घ्या. स्नॅपशॉट डेटाबेसला थोपवून घेतलेला असेल तर त्यावर हे लॉग चढवून बिघाडाच्या अगदी आधीपर्यंत पुढे येता येतं, आणि हाताने भरायच्या नोंदी थोड्याच उरतात. मला विचाराल तर छोट्या संस्थेने महागडं जादा स्टोरेज घेण्याआधी ही लॉगची व्यवस्था करावी.

रॅन्समवेअरचा हल्ला झाला तर हे सगळं आणखी कठीण होतं, कारण तिथे समोर माणूस असतो आणि तो आधी आपले स्नॅपशॉट शोधतो. स्टोरेजचा ॲडमिन पासवर्ड आणि विंडोजचा पासवर्ड एकच असेल तर त्याला कष्टही पडत नाहीत. स्टोरेजचं लॉगिन डोमेनपासून तोडा, त्याच्या पडद्याला वेगळं नेटवर्क द्या, दुसऱ्या फोनवरचा कोड सक्तीचा करा. आता बरेच बॉक्स कुलूपबंद स्नॅपशॉट देतात, म्हणजे ठरवलेली मुदत संपेपर्यंत ॲडमिनलाही तो पुसता येत नाही. डे-एंडच्या आधीचा स्नॅपशॉट तसा ठेवा. आणखी एक बारीक जागा: फायली कूटबद्ध होताना जवळजवळ प्रत्येक ब्लॉक बदलतो, पूल झपाट्याने भरतो, आणि ‘जागा कमी पडली तर जुने स्नॅपशॉट आपोआप पुसा’ अशी सेटिंग असेल तर आपलं स्टोरेजच हल्लेखोराचं काम पुरं करतं. ती सेटिंग आजच बघा. रोज ६० जीबी वाढणारा स्नॅपशॉट एका रात्रीत ५०० जीबी झाला, तर सकाळी काउंटर उघडू नका, आधी शोध घ्या. अशी घटना कळल्यापासून ६ तासांत तिची खबर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला द्यावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात, असे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. त्यामुळे घाईत जुनी मशीन पुसून टाकू नका.

आता दुसऱ्या प्रतीकडे. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला, पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टीबी डेटा कूटबद्ध झाला, आणि ओपीडीचं काम बरेच दिवस कागदावर चाललं. संसदेत सरकारने सांगितलं की ई-हॉस्पिटलचा डेटा हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाला. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीला जगभर लोळवलं, आपल्या न्हावा शेवा बंदरातलं तिचं टर्मिनलही थांबलं. मर्स्कचे डोमेन कंट्रोलर जगभर गेले. घानामधला एक वाचला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती. जोडलेलं नव्हतं म्हणून वाचलं. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ ला जे किमान सायबर नियम घातले, त्यांत महत्त्वाच्या डेटाची प्रत नियमित घेऊन ती यंत्रापासून तोडून ठेवावी असं आहे. म्हणजे रोज रात्री स्नॅपशॉटवरून बॅकअप सर्व्हरवर पूर्ण प्रत, आणि आठवड्याला एक प्रत सुट्या डिस्कवर किंवा टेपवर, जी काढून दुसऱ्या गावच्या शाखेच्या तिजोरीत जाईल. दुसरं गाव निवडताना नदी बघा. सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. मूळ सर्व्हर आणि प्रत दोन्ही कृष्णाकाठच्या तळमजल्यावर नकोत. म्हसवडची प्रत दहिवडीला किंवा विट्याला गेली तरी चालेल, आणि त्या डिस्कवर पासवर्ड हवा.

अनेक छोट्या बँकांचं कोअर बँकिंग स्वतःच्या खोलीत नसून पुरवठादाराच्या डेटा सेंटरमध्ये असतं. सी-एज टेक्नॉलॉजीज या पुरवठादार कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा ३१ जुलै २०२४ ला एनपीसीआयने तिला आपल्या पेमेंट यंत्रणेपासून अलग केलं. त्यामुळे तिच्यावर अवलंबून असलेल्या देशभरातल्या सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पुन्हा सुरू झाली. अशा बँकांनी पुरवठादाराला लेखी विचारावं: आमच्या मशीनचे स्नॅपशॉट किती वेळाने घेता, ते पुसायचा अधिकार किती जणांना आहे, दुसरी प्रत कुठल्या शहरात आहे, शेवटचं रिस्टोअर कधी करून पाहिलं आणि त्याला किती तास लागले. तोंडी आश्वासनावर थांबू नका. उत्तरं कराराला जोडून घ्या.

हे सगळं ठीक चाललं आहे का, हे रिस्टोअर करून पाहिल्याशिवाय कळत नाही. बॅकअपचा हिरवा दिवा एवढंच सांगतो की प्रत घेतली गेली. दुसऱ्या शनिवारी बँक बंद असते, तो दिवस सरावाला घ्या; तिमाहीला एकदा पुरे. एका वेळी डे-एंडच्या आधीच्या स्नॅपशॉटवरून, दुसऱ्या वेळी तिजोरीतल्या डिस्कवरून. सराव आयटीवाल्याच्या सहायकाने करावा, लिहून ठेवलेला कागद बघून, आणि मुख्य माणसाने फक्त शेजारी बसावं. कागद म्हणजे खरोखर कागद, प्लास्टिकमध्ये घातलेला, कारण मशीन बंद असताना त्यातली फाइल उघडत नाही. त्यावर स्टोरेजचा पत्ता, लनची नावं, पायऱ्या, स्विचच्या मदत केंद्राचा आणि पुरवठादाराचा फोन, आणि पासवर्डचं बंद पाकीट कुठल्या लॉकरमध्ये आहे ते. हिशेबनीसालाही बोलवा, मशीन उठल्यावर तेरीज जुळवायला तोच लागतो, आणि पावती क्रमांक पुढे ढकलायची सेटिंग कुठे आहे हे त्याला आधीच माहीत हवं. सुरुवात किती वाजता, मशीन उठलं किती वाजता, तेरीज जुळली किती वाजता, या तीन वेळा लिहा. सराव झाला की क्लोन काढून टाका, नाहीतर तोच पूल भरत राहील, आणि त्या तीन वेळा संचालक मंडळाच्या पुढच्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.